कुत्रा चावल्याचे जे मूल सांगू शकत नाही : मुंबईतील श्वानमालक आणि पालकांसाठी

विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवण्याच्या कामात मला भेटलेला एक आठ वर्षांचा मुलगा बोलत नाही. एका संध्याकाळी इमारतीच्या जिन्यात शेजाऱ्यांचा कुत्रा त्याच्या पोटरीला चावला आणि ही गोष्ट त्याच्या आईला रात्री झोपण्यापूर्वी पायजमा बदलताना कळली, कारण रक्त सुकून कापड जखमेला चिकटले होते. मधल्या पाच तासांत जखम धुतली गेली नव्हती, लस मिळाली नव्हती, आणि जिन्यात हजर असलेल्या मालकांनी मूल रडले नाही यावरून त्याला काही लागले नसेल असे समजून दार लावून घेतले होते. मुलगा वाचला. माझ्या स्वतःच्या घरी गेली नऊ वर्षे रस्त्यावरून आणलेली एक कुत्री आहे आणि त्या दिवसापासून तिला बाहेर नेण्याची माझी पद्धत बदलली आहे.

‘कुत्र्याच्या जवळ जाऊ नकोस, पळू नकोस, ओरडू नकोस, चावला तर लगेच सांग’ असे आपण मुलांना शिकवतो. हे पाळण्यासाठी मुलाला कुत्रा दिसावा लागतो, त्याचे गुरगुरणे ऐकू यावे लागते, स्वतःचे हातपाय थांबवता यावे लागतात आणि झालेला प्रकार शब्दांत सांगता यावा लागतो. ज्या मुलाला यांपैकी एखादी गोष्ट जमत नाही, त्याच्या वाटणीची सगळी सावधगिरी पट्टा हातात धरणाऱ्या माणसाने बाळगायची असते, आणि पुढची सर्व माहिती याच समजुतीवर आधारलेली आहे.

धोका कोणाला अधिक

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, पिसाळल्याचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्या लोकांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात, आणि माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांत तो कुत्र्याकडून आलेला असतो. लहान मुलाचा चेहरा मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो, त्यामुळे मोठ्या माणसाला हातावर किंवा पायावर होणारी जखम मुलाला गालावर, ओठावर किंवा मानेवर होते; रेबीजचा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकत असल्याने मेंदूजवळच्या या जखमांत हाताशी असलेला वेळही कमी असतो. पुष्कळदा चावणारा कुत्रा अनोळखी नसतो. तो घरातला, शेजारचा किंवा रोज भेटणारा असतो.

स्वमग्न मूल अचानक हात फडफडवते, किंचाळते, एका जागी गोल फिरते. हे हावभाव कुत्र्याला समजत नाहीत आणि काही कुत्र्यांना ते आव्हानासारखे वाटतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे हातपाय त्याच्या इच्छेविना हलतात आणि व्हीलचेअरमधून त्याला मागे हटता येत नाही. कर्णबधिर मुलाला पाठीमागचे गुरगुरणे ऐकू येत नाही, दृष्टिहीन मुलाचा पाय झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर पडू शकतो. याखेरीज एक वर्ग असा आहे की ज्याची मुले आपल्या डोळ्यांसमोर असूनही लक्षात येत नाहीत. शाळेला सुट्टी असली की घरकाम करणाऱ्या बाया आपल्या मुलांना कामाच्या घरी घेऊन येतात, त्या घरात कुत्रा असतो, आणि तो चावला तरी काम जाईल या भीतीने आई तक्रार करत नाही. अशा घरच्या मालकांनी मूल येणार असल्याचे आधीच विचारून घ्यावे, त्या वेळात कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवावे, आणि ओरखडा जरी उठला तरी स्वतः सोबत जाऊन मुलाला रुग्णालयात दाखवावे. ‘ताई, काही नाही झालं’ या उत्तरावर थांबू नये.

मालकाची रोजची तयारी

आधी कागदपत्रे पुरी करावीत. मुंबईत कुत्रा पाळण्यासाठी महानगरपालिकेचा परवाना लागतो आणि त्याचे दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची पहिली लस, त्यानंतर पशुवैद्य सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढे दर वर्षी एक मात्रा, अशा नोंदी असलेले लसीकरण कार्ड घरात सहज सापडेल अशा ठिकाणी ठेवावे आणि त्याचा फोटो मोबाइलमध्येही असावा, कारण अपघात झाल्यावर समोरचे पालक हे कार्ड सर्वांत आधी मागतात आणि तो त्यांचा हक्क आहे. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात, म्हणजे जुने मुंबईकर ज्याला बैलघोडा म्हणतात तेथे, किंवा घराजवळच्या पशुवैद्याकडे वार्षिक तपासणीला नेताना कुत्र्याला कोठे दुखते आहे का हेही विचारावे. कान, दात किंवा सांधे दुखणारा शांत कुत्रासुद्धा हात लावल्यावर चावतो.

मुंबईत मूल आणि कुत्रा एकमेकांना चुकवू शकत नाहीत असे ठिकाण म्हणजे लिफ्ट, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. बटण दाबल्यावर दारासमोर उभे राहू नये. चार पावले मागे, भिंतीच्या बाजूला कुत्र्याला घेऊन थांबावे आणि पट्टा हाताभोवती गुंडाळून आखूड करावा. दार उघडल्यावर आत मूल दिसले तर ती लिफ्ट जाऊ द्यावी. आपण आत असताना एखाद्या मजल्यावर मूल आले तर कुत्र्याला कोपऱ्यात बसवून स्वतः मुलाच्या आणि कुत्र्याच्या मध्ये उभे राहावे, आणि मूल घाबरलेले दिसले, किंवा सोबतच्या माणसाने नुसती मान हलवली, तरी आपण बाहेर पडावे. ‘आमचा काही करत नाही’ हे वाक्य तेव्हा उच्चारू नये. वरळीतील एका इमारतीत फेब्रुवारी २०१८ मध्ये एक गृहस्थ आपल्या दीड वर्षाच्या मुलासह लिफ्टमध्ये होते. मूल कुत्र्याला घाबरते, थोडे थांबा, असे सांगूनही मालकाने आपला हस्की कुत्रा आत आणला आणि तो त्या वडिलांच्या हाताला चावला. मे २०२५ मध्ये न्यायालयाने त्या मालकाला चार महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. एक लिफ्ट सोडून देण्याला किती वेळ लागतो, याचा विचार प्रत्येकाने करावा.

चाळीत किंवा जुन्या इमारतीत लिफ्टची जागा गॅलरी आणि जिना घेतात. तेथे दार उघडे ठेवून कुत्र्याला उंबऱ्यात बसवण्याची पद्धत आहे आणि मुले तर दिवसभर गॅलरीतूनच धावत असतात. दाराला कमरेइतक्या उंचीचे आडवे फाटक बसवणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. जिन्याच्या वळणावर पट्टा आखूड धरून आधी स्वतः वळावे आणि कुत्र्याला भिंतीच्या बाजूने न्यावे.

पट्टा चार ते पाच फुटांचा, साधा आणि मजबूत असावा. बटण दाबल्यावर लांबत जाणारे पट्टे इमारतीच्या आवारात वापरू नयेत, कारण कुत्रा झेप घेतो तेव्हा ते वेळेत आवरत नाहीत. कुत्रा फिरवायला ठेवलेला मुलगा अंगाने किरकोळ आणि कुत्रा पस्तीस किलोचा, असे दृश्य दादरपासून बोरिवलीपर्यंत रोज दिसते. ज्याला कुत्रा जोराने ओढतानाही रोखता येतो, त्याच्याच हाती पट्टा द्यावा, आणि कुत्र्याने काही केले तर जबाबदारी फिरवणाऱ्यावर ढकलता येणार नाही हेही ओळखून असावे. जो कुत्रा एकदा कोणाच्या अंगावर गेला आहे, त्याला घराबाहेर नेताना तोंडाला जाळीचे मुसके बांधावे. ज्यातून श्वास घेता येतो, पाणी पिता येते आणि जीभ बाहेर काढता येते असे मुसके घेऊन त्याची सवय घरी खाऊ देत आठवडा-दोन आठवड्यांत लावता येते. शेजारी नावे ठेवतील या संकोचाने अनेक जण ते टाळतात, पण मला मुसके बांधलेला कुत्रा दिसला की त्याच्या मालकाविषयी आदरच वाटतो.

गणपतीचे ढोल, दिवाळीचे फटाके आणि पावसाळा यांची वेगळी काळजी घ्यावी लागते. आवाजाने भेदरलेला कुत्रा एरवी सहन करतो त्या गोष्टी सहन करत नाही, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी सगळी मुले खाली असतात. दिवाळीत कुत्र्याला दुपारी फिरवून आणावे आणि संध्याकाळी खिडक्या बंद करून आत ठेवावे. पावसाळ्यात फिरणे बंद झाल्याने पार्किंगमध्ये कुत्रे मोकळे सोडले जातात आणि मुलेही तेथेच सायकल चालवतात, म्हणून वेळा ठरवून घेणे बरे. सोसायटीला कुत्रे पाळण्यावर किंवा त्यांना लिफ्टमधून नेण्यावर बंदी घालता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. मात्र कोणत्या वेळी मुले खाली असतात आणि कोणत्या वेळी कुत्रे, हे सेक्रेटरींना बरोबर घेऊन एकमेकांच्या संमतीने ठरवण्यास कोणाचीही आडकाठी नाही. इमारतीत विशेष गरजा असलेले मूल असेल तर श्वानमालकाने स्वतः त्याच्या पालकांना भेटावे, मूल शाळेतून आणि थेरपीवरून कधी येते ते विचारावे आणि आपल्या वेळा त्याप्रमाणे बदलाव्यात.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणारे कायद्याने त्यांचे मालक ठरत नसले तरी त्यांच्यावरही काही बंधने आहेत. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, प्रवेशद्वारापासून आणि जिन्यापासून दूर असावी, आणि मुलांची व ज्येष्ठांची वर्दळ नसलेली वेळ त्यासाठी निवडावी. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने खाऊ घालण्याचे काम ठरवून दिलेल्या जागीच व्हावे असे सांगितले आहे. शाळेच्या बसच्या थांब्यावर बिस्किटांचा पुडा फोडू नये, इतके तरी सर्वांना पाळता येईल.

घरातले मूल, घरातला कुत्रा

पाच वर्षांखालील मूल, किंवा स्वतःचा बचाव करता न येणारे कोणत्याही वयाचे मूल, कुत्र्याबरोबर खोलीत एकटे ठेवू नये. दुसरा माणूस शेजारी बसून मोबाइल पाहत असेल तर मूल एकटेच आहे असे समजावे. कुत्रा जेवत असताना, हाड किंवा खेळणे चघळत असताना, झोपलेला असताना आणि पिल्लांजवळ असताना मुलाला त्याच्याकडे जाऊ देऊ नये. वन-रूम-किचनच्या घरात हे अंतर कसे राखायचे, असे मला विचारले जाते. पलंगाखालची किंवा ओट्याशेजारची एक जागा कायमची कुत्र्याची ठरवावी, तेथे त्याची गोधडी असावी, जेवणही तेथेच द्यावे, आणि तो तेथे गेला की त्याला कोणीही हात लावणार नाही असा घरातल्या मोठ्यांनीही नियम पाळावा. कुत्र्याला माघार घ्यायला जागा असली की चावण्याची वेळ बहुधा येत नाही.

चावण्यापूर्वी कुत्रा इशारे देतो. अंग ताठ होते, तोंड मिटते, तो भूक नसताना ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, मान दुसरीकडे वळवतो पण डोळे मुलावर रोखलेले राहतात आणि त्यांच्या कडेला पांढरे दिसू लागते. शेपटी हलते आहे म्हणजे तो खूश आहे, असे नव्हे. ताठ उभारलेली आणि तुटक हलणारी शेपटी तणावाची असते. मुलाने कान ओढले तरी कुत्रा गप्प बसतो, याचा व्हिडिओ काढून कौतुकाने पाठवला जातो तेव्हा त्यातल्या कुत्र्याचे डोळे पाहावेत, तो सहन करत असल्याचे त्यात दिसते. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही मारू नये. मार खाऊन गुरगुरणे बंद झालेला कुत्रा पुढच्या वेळी काहीही न कळवता चावतो, आणि बोलू न शकणाऱ्या मुलाच्या घरात असा अबोल झालेला कुत्रा फार धोक्याचा ठरतो.

घरात कुत्रा असेल आणि मुलाला झालेल्या गोष्टी सांगता येत नसतील, तर चावण्यापूर्वीच रेबीजची प्रतिबंधक लस द्यावी का, हे बालरोगतज्ज्ञांना अवश्य विचारावे. अशा मुलांच्या बाबतीत ही लस घेण्याकडे माझा स्पष्ट कल आहे, कारण ओरखडा लक्षात न येण्याची शक्यता त्यांच्यात सर्वांत जास्त असते.

कुत्रा अंगावर आला तर

ज्या मुलाला समजते त्याला झाडासारखे स्थिर उभे राहायला, हात अंगाशी घ्यायला आणि नजर पायांकडे ठेवायला शिकवावे; पडलेच तर कासवासारखे पोटावर अंग आवळून दोन्ही हातांनी मान आणि कान झाकायला सांगावे. खेळ म्हणून आठवड्यातून एकदा हे करून घेतले तर मुलांच्या अंगवळणी पडते. ज्याला हे जमणार नाही, त्याच्या आणि कुत्र्याच्या मध्ये मोठ्या माणसाने स्वतः उभे राहावे, दप्तर, छत्री, पर्स जे हाती असेल ते पुढे धरावे आणि व्हीलचेअर असेल तर मुलाचा चेहरा कुत्र्यापासून दूर राहील अशी वळवावी. कुत्र्याने धरलेच असेल तर मुलाला किंवा कुत्र्याला ओढू नये, ओढल्याने मांस फाटते. मालकाने मागून कुत्र्याच्या गळपट्ट्यात हात घालून त्याचे डोके जागच्या जागी घट्ट धरावे, सुटेपर्यंत तसेच धरून ठेवावे, आणि सुटताच त्याला आत कोंडून पहिल्यांदा मुलाकडे यावे.

पहिली पंधरा मिनिटे

रक्ताची धार लागली असेल तर स्वच्छ कापडाने दाब द्यावा आणि १०८ वर फोन करावा. एरवी पहिले काम एकच : जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुणे. रेबीजच्या विषाणूचे आवरण साबणाने नष्ट होते, त्यामुळे या धुण्याला औषधाइतकेच महत्त्व आहे, आणि घाबरलेल्या घरात तेच दोन मिनिटांत उरकले जाते. घड्याळ लावून धुवावे. नळाला पाणी नसेल तर पिंपातून तांब्याने सतत पाणी ओतत राहावे. डोळ्यात लाळ गेली असेल तर नुसत्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावावे. हळद, चुना, तिखट, तेल, तंबाखू यांपैकी काहीही लावू नये आणि जखम घट्ट बांधू नये.

पाण्याचा किंवा साबणाच्या स्पर्शाचा त्रास होणाऱ्या मुलाला १५ मिनिटे धरून ठेवणे फार अवघड असते, हे मी जवळून पाहिले आहे. एकाने त्याला मांडीवर पाठीमागून मिठीत घ्यावे, दुसऱ्याने कोमट पाणी जखमेच्या वरच्या भागापासून हळूहळू ओतावे, ओळखीचे गाणे लावावे, मोठ्याने अंक मोजावेत. मध्ये अर्धा मिनिट थांबावे लागले तरी चालेल, पण एकूण १५ मिनिटे भरली पाहिजेत. त्याच वेळी मुलाचे सगळे कपडे उतरवून पाठ, मांड्या, काखा आणि केसांखालची त्वचा चांगल्या उजेडात तपासावी. दिसलेल्या जखमेपेक्षा न दिसलेला ओरखडा जास्त घातक ठरू शकतो.

रुग्णालयात

लस आजच घ्यायची असते, सकाळपर्यंत थांबायचे नसते. महानगरपालिकेच्या रुग्णालयांत ती विनामूल्य मिळते. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर, विलेपार्ल्याचे कूपर, घाटकोपरचे राजावाडी यांपैकी जे जवळ पडेल तेथे जावे. निघताना मुलाचे आधीचे कागद, चालू औषधांची यादी आणि अलीकडचे वजन बरोबर घ्यावे.

जखमेचे तीन वर्ग केले जातात. अखंड त्वचेला नुसते चाटणे हा पहिला, रक्त न येता खरचटणे हा दुसरा, आणि त्वचा भेदणारा दात, रक्त आलेला ओरखडा किंवा जखमेवर अथवा तोंडाच्या आतल्या त्वचेवर पडलेली लाळ हा तिसरा. दुसऱ्या वर्गात लस लागते. तिसऱ्या वर्गात लसीबरोबर रेबीजविरोधी सीरम किंवा मोनोक्लोनल प्रतिपिंड (त्याच कामासाठी प्रयोगशाळेत तयार केलेले औषध) लागतात. लसीमुळे शरीरात संरक्षण तयार होण्यास दिवस लागतात, तो मधला काळ सीरम भरून काढते, म्हणूनच ते वजनानुसार मोजून थेट जखमेत आणि तिच्या भोवती टोचले जाते. पहिल्याच दिवशी ते मिळाले नाही तर पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत मिळालेच पाहिजे. ‘जखमेत सीरम दिले का?’ हा प्रश्न पालकांनी नम्रपणे पण नक्की विचारावा. टाके शक्यतो टाळले जातात. चेहऱ्यावर ते आवश्यकच असतील तर आधी सीरम, मग सैल टाके. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि प्रतिजैविके यांचा निर्णय डॉक्टर घेतात.

कमजोर मुलांच्या बाबतीत तीन गोष्टी डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगाव्यात. केमोथेरपी, दीर्घकाळ स्टिरॉइड किंवा एचआयव्ही यांमुळे प्रतिकारशक्ती कमी असेल तर दुसऱ्या वर्गाच्या जखमेतही सीरम द्यावे लागते. थॅलेसेमियासारख्या आजारात प्लीहा काढलेली असेल तर कुत्र्याच्या तोंडातील जिवाणूंपासून रक्तात गंभीर संसर्ग फार वेगाने पसरू शकतो, त्यामुळे प्रतिजैविके ताबडतोब सुरू होणे आणि नंतर ताप येताच परत जाणे आवश्यक असते. मूल क्लोरोक्विन हे मलेरियावरचे औषध घेत असेल तर तेही सांगावे, कारण त्याने त्वचेत दिलेल्या लसीचा परिणाम घटू शकतो.

पोटात चौदा इंजेक्शने हा जुन्या लसीचा प्रकार होता, तो आता इतिहासजमा झाला आहे. आजची लस दंडात किंवा लहान मुलांना मांडीच्या पुढच्या बाहेरील भागात देतात. कमरेखाली मागे कधीही देत नाहीत. मुलांना मात्रा मोठ्यांइतकीच असते. स्नायूत देण्याची लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, तर त्वचेत देण्याची ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दोन जागी टोचतात. शून्य दिवस म्हणजे पहिल्या लसीचा दिवस, चावल्याचा नव्हे : पहिली ५ जूनला झाली तर पुढच्या ८, १२ आणि १९ जूनला व शेवटची ३ जुलैला येते, आणि त्वचेत देत असतील तर १९ जूनची वगळली जाते. मधेच कोकणात किंवा घाटावर गावी जावे लागले तर कार्ड बरोबर न्यावे आणि तेथल्या सरकारी रुग्णालयात पुढची मात्रा घ्यावी.

मालकाचे दहा दिवस

चावल्यानंतर मालकाने दार लावून घेऊ नये. त्याने मुलाच्या पालकांना ताबडतोब आणि खरे सांगावे, मुलाला त्या क्षणी काही वाटत नसले तरीही. कुत्रा कोठे चावला, किती वेळा, आधी कोणाला चावला होता का, शेवटची लस कधी झाली, हे सगळे त्यात आले. कुत्र्याची लस झालेली आहे एवढ्यावर मुलाचे उपचार थांबवायला कधीही सुचवू नये. रुग्णालयापर्यंत गाडी, खासगी उपचार घेतले तर त्यांचा खर्च, आईवडिलांची बुडालेली मजुरी हे मागितल्याविना द्यावे.

त्यानंतर दहा दिवस कुत्रा डोळ्यांसमोर राहायला हवा, कारण ज्या कुत्र्याच्या लाळेत चावताना विषाणू होता तो त्या अवधीत आजारी दिसतो किंवा मरतो. या काळात त्याला मित्राच्या कर्जतच्या फार्महाउसवर पाठवणे, एखाद्या निवाऱ्यात सोडणे किंवा रागाने मारून टाकणे म्हणजे मुलाच्या डॉक्टरांना लागणारी माहिती नष्ट करणे होय. रोज सकाळी आणि संध्याकाळी कुत्रा खातो-पितो-चालतो याचा छोटा व्हिडिओ पालकांना पाठवावा. पशुवैद्याची तपासणी करून घ्यावी. गिळता न येणे, आवाज बदलणे, लाळ गळणे, पाय लटपटणे, विनाकारण चावत सुटणे यांपैकी काहीही दिसले तर पशुवैद्याला आणि पालकांना त्याच क्षणी कळवावे. मुलाची लस मात्र दहा दिवसांची वाट न पाहता सुरू झालेली असते. पुढे तीत बदल करायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतात.

तक्रार करायची असेल तर

प्रत्येक प्रकरण पोलिसांकडे न्यावे असे माझे मत नाही. मालकाने जबाबदारी घेतली असेल तर समजुतीने पुष्कळ काही साधते. पण मालक नाकारत असेल, कुत्रा पूर्वीही चावला असेल किंवा जखम गंभीर असेल तर पालकांनी मागे हटू नये. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे; निष्काळजीपणाने इतरांची सुरक्षितता धोक्यात आणल्याबद्दल कलम १२५ ही लागू शकते. मानखुर्दमध्ये जुलै २०२५ मध्ये थांबलेल्या रिक्षात अकरा वर्षांच्या मुलावर पिटबुल कुत्र्याने हल्ला केला तेव्हा मालकावर याच कलमांखाली गुन्हा नोंदवला गेला.

तक्रारीसाठी जखमेचे फोटो धुण्यापूर्वी झटकन एकदा आणि नंतर रोज काढावेत, रुग्णालयाच्या कागदावर ‘कुत्र्याने चावा घेतला’ अशी नोंद आणि वेळ असल्याची खात्री करावी, आणि सोसायटीकडे सीसीटीव्हीचे चित्रण त्याच दिवशी लेखी मागावे, कारण काही दिवसांत जुन्या चित्रणावर नवे चढते. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत या चित्रणाचे मोल फार मोठे असते. कुत्र्याचा परवाना आणि लसीकरण याविषयी महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

मुलाचे पुढचे दिवस

जे मूल बोलत नाही त्याची भीती वागण्यातून दिसते : ते लिफ्टच्या दारापाशी बसकण मारते, रात्री उठते, सुटलेले अंथरुणात लघवी करणे पुन्हा सुरू होते, स्वतःच्या हाताला चावते. त्याला ‘घाबरू नको’ म्हणून कुत्र्यासमोर उभे करू नये. चित्रे दाखवून काय झाले आणि आता पुढे काय होणार, हे रोज एकाच क्रमाने सांगावे. लसीच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्याच्याकडून रंगवून घ्याव्यात आणि प्रत्येक इंजेक्शननंतर एक तारीख खोडू द्यावी. कुत्र्याच्या मालकाने निदान पहिला महिनाभर मुलाच्या येण्याजाण्याच्या वेळी जिना आणि लिफ्ट मोकळी ठेवावी आणि तशा वेळा पालकांना लिहून द्याव्यात. माझ्या ओळखीच्या त्या मुलाला शेजारच्या दारावरून चालत जायला साडेतीन महिने लागले, आणि तोवर त्याची आई रोज त्याच्या व दाराच्या मध्ये राहून चालत होती.

शेवटची मात्रा झाल्यावर लसीचे कार्ड फेकू नये. त्याचा फोटो मुलाच्या शाळेत, थेरपिस्टकडे आणि घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवावा, कारण पूर्ण लस झालेल्या मुलाला पुन्हा कधी कुत्रा चावला तर सर्वसाधारणपणे ० आणि ३ या दोनच दिवशी लस पुरते आणि जखमेत सीरम टोचावे लागत नाही, आणि हे त्या दिवशी डॉक्टरांना सांगणारे कोणीतरी त्याच्याजवळ असले पाहिजे.